‘नुसती बोली’ म्हणणाऱ्यांसाठी लाटगालेची साक्ष

आपल्याकडे एक वाक्य फार सहज बोलले जाते. “ती काही भाषा नव्हे, ती नुसती बोली आहे.” बोलणारा बहुधा शिकलेला असतो, त्याच्या मनात वाईट काही नसते आणि ऐकणाराही मान डोलावतो. उर्दू माध्यमाच्या शाळांतून शिकवणारे आम्ही लोक हे वाक्य दोन्ही बाजूंनी ऐकत आलो आहोत. कोकणातल्या मुसलमानाच्या कोकणीबद्दल मराठीवाला ते म्हणतो आणि सोलापूर-मराठवाड्याकडच्या दखनीबद्दल उर्दूवाला म्हणतो. या वाक्यावर घरातल्या घरात वाद सुरू केला की तो लगेच धर्मावर, जातीवर, प्रांतावर घसरतो आणि मूळ मुद्दा राहून जातो. म्हणून या वेळी आम्ही हा वाद घरापासून फार लांब नेणार आहोत. जिथल्या कोणत्याही पक्षाशी आपले देणे-घेणे नाही अशा मुलखात या वाक्याने एका भाषेचे काय केले, ते थंड डोक्याने पाहता येईल.

युरोपच्या उत्तरेला, बाल्टिक समुद्राच्या काठी लाटव्हिया नावाचा लहानसा देश आहे. सगळ्या देशाची वस्ती वीस लाखांच्या आत. त्याच्या पूर्वेला, रशिया आणि बेलारूसच्या सरहद्दीला लागून लाटगाले हा तळ्यांचा मुलूख आहे. दौगाव्हपिल्स, रेझेकने, लुद्झा ही तिथली शहरे. तिथल्या लोकांची भाषा लाटगाली. २०११ सालच्या जनगणनेत सुमारे १ लाख ६४ हजार ५०० लोकांनी, म्हणजे देशातल्या ८.८ टक्के लोकांनी, आपण रोजच्या व्यवहारात लाटगाली बोलतो असे नोंदवले. बाल्टिक कुळातल्या लिथुआनियन आणि लाटव्हियन या दोनच भाषा आज जिवंत आहेत असे पाठ्यपुस्तकांतून सांगितले जाते. लाटगाली ही तिसरी, असे म्हणणारे अभ्यासकही आहेत. ती लाटव्हियनचीच एक बोली, असे म्हणणारेही आहेत.

आम्ही भाषाशास्त्रज्ञ नाही आणि हा निकाल लावण्याचा अधिकार आम्हाला नको आहे. आमचे म्हणणे एवढेच आहे की लाटगालीला ‘बोली’च्या बाकावर नेऊन बसवण्याचे काम व्याकरणाने केले नाही. ते सरहद्दींनी केले, लिपीबंदीने केले आणि शेवटी शाळेचा दरवाजा बंद करणाऱ्या हुकमाने केले. व्याकरणाला नंतर साक्षीला बोलावण्यात आले. या आरोपातला शेवटचा भाग सर्वांत कडू आहे. शेवटचा हुकूम परक्याने काढलेला नव्हता. तो अशा लोकांनी काढला ज्यांच्या स्वतःच्या भाषेला शतकानुशतके ‘कुणब्यांची बोली’ म्हणून हिणवले गेले होते.

सुरुवात नावापासूनच करू. तेराव्या शतकाच्या आरंभी हेन्री नावाच्या पाद्र्याने लॅटिनमध्ये एक बखर लिहिली. तिच्यात या मुलखातल्या टोळीचे नाव ‘लेत्तिगाल्ली’ असे येते. पुढे शेजारच्या टोळ्या एकमेकींत मिसळत गेल्या, त्यांतून आजचा लाटव्हियन समाज घडला आणि त्या सबंध समाजाला नाव मिळाले ते याच टोळीच्या नावावरून. म्हणजे ज्यांच्यावरून घराण्याचे आडनाव पडले, त्यांनाच पुढे घराच्या ओसरीवर बसवण्यात आले.

हे कसे झाले? सोळाव्या शतकापर्यंत या सगळ्या प्रदेशावर जर्मन सरदार आणि बिशप यांचे राज्य होते. १५६१ मध्ये ते कोसळले. १६२९ च्या तहाने प्रदेशाची वाटणी झाली. बराचसा भाग स्वीडनकडे गेला आणि आग्नेयेकडचा कोपरा, म्हणजे आजचे लाटगाले, पोलंड-लिथुआनियाच्या राज्यात राहिला. त्या दिवसापासून दोन भावांचे रस्ते वेगळे झाले. पश्चिमेकडचा शेतकरी जर्मन जमीनदाराच्या हाताखाली लुथरन पंथाचा झाला. पूर्वेकडचा पोलिश वळणाच्या जमीनदाराच्या हाताखाली कॅथलिक राहिला. १७७२ मध्ये पोलंडची पहिली फाळणी झाली आणि लाटगालेही रशियाच्या झारकडे गेले. आता दोघे एकाच बादशाहीत आले होते. तरीही प्रांत वेगळे राहिले. लाटगाले पुढे व्हितेब्स्क प्रांतात घालण्यात आले आणि पश्चिमेकडचे लाटव्हियन कुर्झेमे आणि विदझेमे या भागांत राहिले. कुर्झेमेतली शेतकऱ्यांची भूदासगिरी १८१७ मध्ये संपली, विदझेमेतली १८१९ मध्ये. लाटगालेच्या शेतकऱ्याला त्यासाठी १८६१ पर्यंत थांबावे लागले. चाळीस वर्षांहून जास्त काळ एक भाऊ आपल्या मर्जीने शाळा काढू शकत होता आणि दुसरा जमिनीला बांधलेला होता. पुढे ‘लाटगालेवाले मागासलेले’ असे जे म्हटले गेले, त्याचे मूळ इथे आहे. भाषेचा त्यात काही दोष नव्हता.

लिहिण्याचा इतिहासही दोघांचा वेगळा. लाटव्हियनमधली आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी छापील पुस्तके १५८५ आणि १५८६ सालची आहेत. पहिले कॅथलिक, दुसरे लुथरन, दोन्ही धर्मशिक्षणाची. सतराव्या शतकाच्या अखेरीस एर्न्स्ट ग्ल्यूक या पाद्र्याने संपूर्ण बायबल लाटव्हियनमध्ये आणले आणि त्या भाषेचे ग्रांथिक रूप पक्के होत गेले. ते छापले जात होते गॉथिक अक्षरांत, जर्मन वळणाच्या स्पेलिंगने. लाटगालीचे आज हाती असलेले सर्वांत जुने पुस्तक १७५३ मध्ये व्हिल्नियस येथे छापलेले आहे. वर्षभराच्या प्रार्थनांत वाचायच्या गॉस्पेलमधल्या उताऱ्यांचे ते पुस्तक. ते साध्या लॅटिन अक्षरांत, पोलिश वळणाच्या स्पेलिंगने छापलेले होते. लिपी एकाच कुळातली, पण एकाला दुसऱ्याचे पान नीट वाचता येऊ नये इतके अंतर. ज्यांनी उर्दू आणि हिंदी यांच्या रस्मुलखताचा झगडा पाहिला आहे, त्यांना हे अंतर समजावून सांगायला नको.

हे तपशील आम्ही मुद्दाम देत आहोत. ‘बोली’ या शब्दाचा अर्थ लोक काय करतात? जिला लेखन नाही, पुस्तक नाही, नियम नाहीत, ती बोली. ही व्याख्या खरी धरली तर लाटगाली १७५३ पासूनच बोली उरलेली नाही. ती लाटव्हियनच्या ग्रांथिक रूपातून नंतर फुटून निघालेली फांदीही नाही. तिचा लेखनाचा झरा वेगळा, छापखाना वेगळा, वाचक वेगळा. उच्चारांतही फरक आहे. ‘भाषा’ या अर्थाचा लाटव्हियन शब्द साधारण ‘व्हालुओदा’ असा उच्चारला जातो, लाटगाली म्हणते ‘व्होलूदा’. बाप तिकडे ‘तेव्स’, इकडे ‘ताव्स’. लाटगालीत इ आणि उ यांच्या मधला एक स्वर आहे. त्यासाठी इंग्रजीतल्या वायसारखे अक्षर लिहितात. आजच्या लाटव्हियन वर्णमालेत ते अक्षरच नाही. साम्य अर्थातच पुष्कळ आहे. बहिणींत ते असतेच.

आता लिपीबंदीकडे येऊ. १८६३ मध्ये पोलंड-लिथुआनियात झारविरुद्ध बंड झाले. ते चिरडल्यावर सरकारने असा निष्कर्ष काढला की बंडाचे विष कॅथलिक पाद्री आणि लॅटिन अक्षरे यांच्यामार्फत पसरते. १८६५ मध्ये लिथुआनियन आणि लाटगाली ही पुस्तके लॅटिन अक्षरांत छापायला बंदी आली. छापायचे तर रशियन अक्षरांत छापा! ही बंदी १९०४ पर्यंत टिकली. एकोणचाळीस वर्षे, म्हणजे जवळजवळ दोन पिढ्या.

याच एकोणचाळीस वर्षांत पश्चिमेकडे काय चालले होते ते पाहा. लाटव्हियन भाषेची वृत्तपत्रे निघत होती, शब्दकोश होत होते, लोकगीते गोळा केली जात होती. १८७३ मध्ये रिगामध्ये पहिला मोठा गायन महोत्सव भरला आणि हजारो लोकांनी आपण एक राष्ट्र आहोत हे गाऊन सांगितले. क्रिश्यानिस बारोन्स यांनी लोकगीतांचा जो प्रचंड संग्रह छापला, त्याचा पहिला भाग १८९४ चा. लाटगालेत तेव्हा प्रार्थनेचे पुस्तक छापणे गुन्हा होता. तिथे आया घरी मुलांना जुन्या, फाटक्या प्रार्थनापुस्तकावरून अक्षरे शिकवत होत्या. आंद्रिव्स यूर्ज्स नावाचा एक शेतकरी होता. जन्म १८४५, मृत्यू १९२५. छापता येत नाही म्हणून तो हाताने पुस्तके लिहीत बसला. धार्मिक मजकूर, गोष्टी, शेतीची माहिती, पंचांग, जे जे लोकांना वाचायला हवे ते तो वहीत उतरवत गेला. शेतातले काम संपल्यावर एक माणूस स्वतःच एक छापखाना झाला! आम्ही शिक्षक लोक पाठ्यपुस्तके वेळेवर आली नाहीत म्हणून तक्रार करतो. ती करायलाच हवी, पण यूर्ज्सचे नाव आपल्या डी.एड., बी.एड.च्या वर्गांत एकदा तरी उच्चारले गेले पाहिजे असे आम्हाला वाटते.

‘लहान भाषा आपोआप मरतात, निसर्गाचा नियमच आहे’ असे म्हणणाऱ्यांना आमचा प्रश्न आहे. या एकोणचाळीस वर्षांत आपोआप झालेले नेमके काय होते? बंदी आपोआप आली नाही, तिच्यावर सही होती. आणि भाषाही आपोआप वाचली नाही, तिच्यासाठी कोणी तरी हात झिजवले.

१९०४ मध्ये बंदी उठली आणि १९०५ मध्येच सेंट पीटर्सबर्गमध्ये लाटगाली वृत्तपत्र निघाले. नाव ‘गाइस्मा’, म्हणजे प्रकाश. काढणारे फ्रांत्सिस केम्प्स. त्यांच्याबरोबरचे दुसरे मोठे नाव फ्रांत्सिस त्रासुन्स, धर्मगुरू आणि १९०६ च्या रशियन दुमाचे सदस्य. दोघांचे ध्येय एक, पण मत वेगळे. झारशाही कोसळल्यावर १९१७ च्या वसंतात रेझेकने येथे लाटगालेवासीयांची परिषद भरली. प्रश्न होता: पश्चिमेकडच्या लाटव्हियन भावांबरोबर एक व्हायचे की नाही? त्रासुन्स म्हणत होते, व्हायचे. केम्प्स साशंक होते. आधी आपले पाय रोवू द्या, नाही तर मोठा भाऊ आपल्याला गिळून टाकेल, अशी त्यांची भीती होती. परिषदेने एकत्र येण्याचा ठराव केला. त्यात अट होती. भाषा, शाळा आणि चर्च यांच्या कारभारात लाटगालेला स्वतःचा अधिकार राहील. एकत्र येण्याचा निर्णय जबरदस्तीचा नव्हता. विश्वासाने, अटींसह केलेला तो करार होता. पुढे काय झाले ते वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

१९१८ मध्ये लाटव्हिया स्वतंत्र झाला. सुरुवातीची वर्षे चांगली गेली. १९२१ मध्ये कचेऱ्यांत आणि शाळांत लाटगाली वापरण्याचे नियम झाले. लाटगालेच्या प्राथमिक शाळांत मुले लाटगालीतून शिकू लागली. पुस्तके, वृत्तपत्रे, पंचांगे निघाली. शुद्धलेखनाचे नियम ठरले. हीच भाषा होती, हेच व्याकरण, हीच माणसे. शाळा मिळाली तेव्हा ती दहा-बारा वर्षांत राज्यकारभारापर्यंत पोचली. मग १५ मे १९३४ ची रात्र आली. पंतप्रधान कार्लिस उल्मानिस यांनी संसद गुंडाळून सत्ता हाती घेतली. एक राष्ट्र, एक नेता, एक भाषा! लाटगाली शाळेतून गेली, कचेरीतून गेली. पाठ्यपुस्तके बदलली. ज्या शिक्षकांनी काल लाटगालीतून धडा शिकवला, त्यांनाच आज मुलाला सांगावे लागले की तू घरी बोलतोस ते चुकीचे आहे.

आम्ही या ठिकाणी थांबून विचार करतो. झारची बंदी एकोणचाळीस वर्षांची होती, तरी तिने लोकांच्या मनात भाषेची लाज निर्माण केली नाही. उलट जिद्द निर्माण केली. कारण बंदी घालणारा परका होता. १९३४ चा हुकूम स्वतःच्या झेंड्याखाली, स्वतःच्या राष्ट्राच्या नावाने आला. त्याला विरोध करणारा फुटीर ठरत होता. परक्याने थोबाडीत मारली तर माणूस ताठ होतो. थोरल्या भावाने भर वर्गात कान पिळला तर तो मान खाली घालतो. लाटगालीचे खरे नुकसान या खाली गेलेल्या मानेने केले, असे आमचे मत आहे.

आणि हा थोरला भाऊ तरी कोण होता? त्याच्या भाषेला जर्मन जमीनदारांनी शेकडो वर्षे नोकरचाकरांची बोली मानले होते. झारने १८८० च्या दशकानंतर त्याच्याच शाळांवर रशियन माध्यम लादले होते. त्याला ही जखम पाठ होती. पण सत्ता हातात आल्यावर त्याने तोच पट्टा आपल्या धाकट्यावर उगारला. जगभरच्या भाषिक चळवळींचे हे दुखणे आहे. आपल्यावरचा अन्याय त्यांना चटकन दिसतो आणि आपण करतो तो अन्याय ‘एकजुटी’च्या नावाने झाकला जातो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लाटव्हिया सोव्हिएत संघात गेला. पहिल्या काही वर्षांत थोडी लाटगाली वृत्तपत्रे चालली, १९५० च्या दशकानंतर तीही नाहीशी झाली. व्लादिस्लाव्स लोत्सिस हे प्रकाशक युद्धाच्या अखेरीस परागंदा झाले आणि म्युनिकमधून लाटगाली पुस्तके छापत राहिले. मायभूमीत मात्र भाषेला एकच आसरा उरला. तो म्हणजे चर्च. लाटगालेत जुना रिवाज आहे. मे महिन्यात संध्याकाळी गावाच्या वाटेवर उभ्या असलेल्या क्रूसापाशी बाया जमतात आणि मरियमची गाणी गातात. ही गाणी लाटगालीत. मृतांसाठी म्हणायची स्तोत्रेही लाटगालीत. सरकारने शाळा घेतली, छापखाना घेतला, पण क्रूसाजवळची ती संध्याकाळ पूर्णपणे घेता आली नाही.

इथे आमचे काही वाचक म्हणतील, बघा, शेवटी धर्मानेच भाषा वाचवली! ते अर्धे खरे आहे. धर्माने भाषा वाचवली कारण तो लोकांच्या भाषेत बोलला. तो फक्त लॅटिनमध्ये बोलला असता तर लॅटिन वाचली असती, लाटगाली नाही. आणि दुसरी अर्धी गोष्ट अशी की केवळ प्रार्थनेत उरलेली भाषा आक्रसत जाते. प्रार्थनेच्या भाषेत ट्रॅक्टरचा भाग मागता येत नाही, बँकेत अर्ज लिहिता येत नाही, प्रेमपत्र लिहिणे अवघड होते आणि मुलाला अपूर्णांक शिकवता येत नाहीत. भाषा जगवायची तर तिला प्रार्थना हवी, बाजार हवा आणि वर्ग हवा. यांतले एक उरले तर ती फक्त तगून राहते.

लाटव्हियाला १९९१ मध्ये पुन्हा स्वातंत्र्य मिळाले. मग लाटगालीला न्याय मिळाला का? १९९९ चा राजभाषा कायदा म्हणतो की लाटगाली ग्रांथिक भाषेचे जतन, संरक्षण आणि विकास राज्य करील, ‘लाटव्हियन भाषेचे ऐतिहासिक रूप’ म्हणून. वाक्य आदराचे आहे. पण त्यातला ‘ऐतिहासिक’ हा शब्द नीट पाहावा. दीड लाखाहून जास्त लोक ज्या भाषेत सकाळी उठून भांडतात आणि हसतात, तिला कायदा इतिहासात जमा करतो. याच कायद्यात लिव्ह भाषेचा उल्लेख आहे. ती फिन्निक कुळातली, लाटव्हियनशी तिचे रक्ताचे नाते नाही. कायदा तिला मूळ रहिवाशांची भाषा म्हणून मान देतो. तो मान योग्यच आहे आणि आज काही मंडळी ती भाषा कष्टाने पुन्हा शिकत आहेत. पण कायदा झाला तेव्हा ती जन्मापासून बोलणारी माणसे मोजकी उरली होती आणि तिची शेवटची जन्मभाषक मानली गेलेली वृद्धा २०१३ मध्ये कॅनडात वारली. तेव्हा प्रश्न असा पडतो: जी जवळजवळ गेली तिला ‘भाषा’ म्हणायला सोपे का जाते आणि जी दाराशी उभी राहून वर्ग मागते तिला ‘रूप’ का म्हणावेसे वाटते? आमचे उत्तर सरळ आहे. गेलेली भाषा शिक्षक मागत नाही, पाठ्यपुस्तक मागत नाही, कचेरीत अर्ज घेऊन येत नाही.

लाटव्हियन लोकांची बाजूही मांडली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. १९८९ मध्ये, सोव्हिएत राजवटीच्या शेवटी, त्यांच्या स्वतःच्या देशात लाटव्हियन लोक अवघे ५२ टक्के उरले होते. रशियन भाषेच्या महापुरात आपली भाषा वाहून जाईल ही भीती खरी होती. अशा वेळी घरात आणखी एक वेगळी चूल मांडू नका, असे त्यांना वाटले. ही भीती आम्हाला कळते. पण या भीतीवरचा उपाय चुकला आहे. लाटगाली बोलणाऱ्याने १९१७ मध्ये स्वतःहून हात पुढे केला होता. त्याने कधी लाटव्हियन नाकारली नाही, तो दोन्ही बोलतो. त्याची लाटगाली कमी केल्याने लाटव्हियन वाढत नाही. दौगाव्हपिल्ससारख्या शहरात लाटगाली सोडणाऱ्यापुढे रशियनचाही रस्ता मोकळा असतो. धाकट्या बहिणीला घराबाहेर काढून थोरलीचा संसार मजबूत होतो हा हिशेब आम्हाला कोणत्याच पाढ्यात सापडत नाही.

‘मुलांवर ओझे पडते’ हा दुसरा आक्षेप. बी.एड.च्या पहिल्या वर्षाला शिकलेली गोष्ट इथे पुन्हा सांगावी लागते. युनेस्कोने १९५३ मध्येच म्हटले होते की मुलाचे शिक्षण त्याच्या मातृभाषेतून सुरू व्हावे. ओझे भाषेचे नसते. माझ्या तोंडातले चुकीचे आहे ही जाणीव घेऊन बाकावर बसणे हे ओझे असते. ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे असे आम्हाला शिकवले गेले. मग मुलाला जे ज्ञात आहे तेच आधी पुसून टाकायचे, हे कोणते अध्यापनशास्त्र?

लाटगालीचे लोक गप्प बसलेले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. २००७ मध्ये नवे शुद्धलेखनाचे नियम मंजूर झाले. २०१० मध्ये भाषांच्या आंतरराष्ट्रीय यादीत लाटगालीला स्वतंत्र संकेत मिळाला. तरुण मुले लाटगालीत रॉक आणि रॅप गातात. आन्ना रान्त्साने यांच्यासारख्या कवयित्री तिच्यात लिहितात. काही शाळांत ती शिकवली जाते. पण ती ऐच्छिक, तासांच्या कडेला, शिक्षकाच्या आणि पालकांच्या उत्साहावर अवलंबून. १९२० च्या दशकात सगळ्या विषयांचे माध्यम असलेली भाषा शंभर वर्षांनी छंदवर्गाला येऊन पोचली. याला विकास म्हणायचे असेल तर म्हणणाऱ्याने म्हणावे.

आता घरी येऊ. ही सगळी हकीकत आम्ही मुस्लिम मराठी वाचकांपुढे का मांडली? कारण आपण या गोष्टीतल्या तिन्ही भूमिका एकाच वेळी वठवत आहोत.

दखनी घ्या. मुहम्मद कुली कुतुबशहा १५८० ते १६१२ या काळात गोवळकोंड्यावर राज्य करीत होता आणि दखनीत दिवाण भरून कविता लिहीत होता. दिल्लीत उर्दू शायरीची मैफल भरण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. ज्या थोरलीच्या अंगणात साहित्यिक उर्दू खेळली, ती थोरली आज मुशायऱ्यात हशा पिकवण्यापुरती उरली आहे. लाटगालेने आडनाव दिले आणि ओसरीवर बसला. दखनीची बसण्याची जागा याहून फार वेगळी नाही. उर्दूवर होणाऱ्या अन्यायाबद्दल बोलताना आपला आवाज चढतो आणि तो चढायलाच हवा. पण उर्दू शाळेत ‘मेरेकू’ म्हणणाऱ्या पोराला हसणारा वर्ग आणि त्या हसण्याकडे काणाडोळा करणारा अध्यापक यांच्या अंगात १९३४ चा रिगा थोडासा शिरलेला असतो.

मराठीवाल्यांनाही हेच सांगायचे आहे. कोकणी ही मराठीची बोली आहे हा दावा पिढ्यानपिढ्या विद्वत्तेने मांडला गेला. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये तिला स्वतंत्र साहित्यभाषा मानले, १९९२ मध्ये ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. त्यामुळे मराठीचे काय कमी झाले? काहीच नाही. उलट २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि आपल्याला सर्वांनाच आनंद झाला. पण रत्नागिरी-रायगडकडच्या मुसलमानाच्या घरातली कोकणी या दोन्ही सोहळ्यांत कुठे होती? गोव्याच्या कोकणीवाल्याने तिला आपली म्हटले नाही, मराठीवाल्याने बोली म्हटले आणि आपण स्वतः ‘मुसलमानाची भाषा उर्दू’ म्हणून तिला माजघरात ठेवले. मुसलमानाची एकच भाषा असते हे जितके खोटे आहे तितकेच महाराष्ट्रात एकच मराठी असते हेही खोटे आहे.

मोजणीचा खेळही ओळखून असावा. ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणात १७९ भाषा आणि ५४४ बोली मोजल्या गेल्या. १९६१ च्या जनगणनेत १६५२ मातृभाषांची नोंद झाली. २०११ मध्ये पाच कोटींहून जास्त लोकांनी भोजपुरी सांगितली, तरी त्यांचा आकडा हिंदीच्या बेरजेत गेला. पाच कोटींची बोली आणि दहा लाखांची भाषा एकाच देशात सुखाने नांदतात, तेव्हा संख्या किंवा व्याकरण हा निकष आहे असे कोणी सांगू नये.

आमची मागणी फार मोठी नाही. उर्दू शाळा बंद करून दखनी शाळा काढा असे आम्ही म्हणत नाही. उर्दू आमची रोजीरोटी आहे आणि आमचे प्रेमही. मराठीतून आम्ही लिहितो आणि लिहीत राहू. राज्यघटनेचे कलम ३५० अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक पातळीवर मातृभाषेतून शिक्षण देण्याची सोय करायला सांगते. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही घरच्या भाषेवर भर आहे. या कागदांचा अर्थ आपण आपल्या वर्गापुरता तरी लावू शकतो. पहिली-दुसरीत मुलाला घरच्या भाषेत उत्तर देऊ द्या, मग त्याला पुस्तकातला शब्द सांगा. त्याला चूक म्हणू नका, ‘घरी असे म्हणतात, पुस्तकात असे लिहितात’ एवढेच म्हणा. गावातल्या म्हाताऱ्या बायांची लग्नातली गाणी, म्हणी, कोडी आठवी-नववीच्या मुलांकडून वहीत उतरवून घ्या. मोबाइल प्रत्येक घरात आहे, आवाज साठवा. आणि आमच्या या वार्षिकांच्या संपादकांना विनंती आहे की दरवर्षी चार पाने कोकणीला आणि दखनीला द्यावीत. विनोदाचा मजकूर म्हणून नव्हे. कथा म्हणून द्यावीत, कविता म्हणून द्यावीत, लेख म्हणून द्यावीत.

आंद्रिव्स यूर्ज्सपाशी छापखाना नव्हता, कायदा त्याच्या विरोधात होता आणि दिवसभर त्याला नांगर धरावा लागे. आपल्यापाशी शाळा आहे, खडू आहे, छापलेले वार्षिक आहे आणि कायद्याची मनाई नाही. हे सगळे हाताशी असताना येत्या वीस वर्षांत घरची भाषा आपल्या मुलांच्या तोंडून गेली, तर त्याला निसर्गाचा नियम म्हणण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नसेल.